तोंडाच्या कॅन्सरचे एकाच स्टेजचे दोन पेशंट. एक बरा होतो, दुसऱ्याचा परत उलटतो. असं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, ३० लाईट (म्हणजे रेडिएशनच्या ३० फेऱ्या, यालाच शेकही म्हणतात) सांगितल्यात, आणि घरचे म्हणतात, "अंगात जरा ताकद येऊ दे, मग शेक घेऊ." या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो.

थांबू नका. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, आणि ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या लाईटपर्यंतचा सगळा काळ १०० दिवसांच्या आत बसायला हवा. मागे राहिलेल्या कॅन्सरच्या पेशी तेवढ्यात वाढत असतात. रेडिएशन सुरू झाल्यावर साधारण चौथ्या आठवड्यापासून तर त्यांचा वाढीचा वेग आणखी वाढतो, म्हणून मधला खाडा इतका महागात पडतो. उपचार एक दिवस लांबला की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. सणाला चार दिवस गावी जाऊन येणं म्हणजे काय, ते यावरून कळेल. मशीन बंद पडलं तरी त्याच दिवशी विचारा: भरपाई शनिवारी करणार, की एका दिवशी दोन लाईट देणार? दोन दिल्या तर मध्ये किमान सहा तास हवेत.

पण बहुतेक खाडे सणामुळे पडत नाहीत, न खाल्ल्यामुळे पडतात. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलतं, लाळ तारेसारखी चिकट होते, वरणाचा घोटही झोंबतो. पेशंट शुक्रवारी अर्धी वाटी घेतो, सोमवारी उठवत नाही, मग सलाईनसाठी ॲडमिट, आणि चार दिवस गेले. वजन उतरलं की लाईट घेताना डोकं हलू नये म्हणून घालतात तो चेहऱ्याचा जाळीदार मास्कही सैल होतो. पहिल्या दिवशी तो गालाला घट्ट बसलेला असतो. आता हनुवटीखाली बोट जातं. मान काही मिलिमीटर जरी हलली तरी रेडिएशनची मात्रा भलतीकडे पडते. मग नवा मास्क, नवं प्लॅनिंग, पुन्हा दिवस वाया.

म्हणून दर सोमवारी एकाच काट्यावर वजन करा. आठवड्यात दोन किलो गेले तर नाकातल्या नळीचं त्याच दिवशी बोला. "नळी म्हणजे शेवट" हा गैरसमज आहे आणि तो जीव घेतो. खाणं सुरू झालं की नळी निघते. दर दोन-तीन तासांनी २०० ते २५० मिली पातळ अन्न द्या, मलमलच्या फडक्यातून गाळून. नाचणीची घट्ट पेज आणि जाडसर कुटलेली गोळी, या दोन गोष्टींनी नळी हमखास तुंबते. आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडा, अर्धा तास बसवून ठेवा. गिळताना ठसका लागत नसेल तर नळी असतानाही रोज पाण्याचे घोट गिळायला लावा, नाहीतर गिळण्याचे स्नायू आळसावतात.

किडके दात काढायचे असतील तर आजच दाखवा. काढल्यावर जखम भरायला १० ते १४ दिवस लागतात, आणि रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. तोंड उघडण्याचा व्यायाम आइस्क्रीमच्या काड्यांनी: दातांमध्ये मावतील तितक्या काड्या, दिवसातून पाच वेळा, आकडा लिहून ठेवा. तंबाखू, मिश्री, सुपारी पूर्ण बंद.

आता मूळ प्रश्न. स्टेज एकच असली तरी ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट वेगळा असतो. त्यात तीन गोष्टी बघा: काढलेल्या भागाच्या कडा ५ मिमी रोगमुक्त आहेत का, कॅन्सरची गाठ किती मिमी खोल गेली होती, आणि मानेतल्या लसीका गाठीचं आवरण फोडून रोग बाहेर आलाय का. कडेवर रोग असेल किंवा आवरण फुटलं असेल तर नुसती लाईट पुरत नाही; सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध लागतं, किडनी आणि कान साथ देत असतील तर. मानेच्या गाठी काढल्या होत्या का, हेही विचारा. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या अभ्यासात सुरुवातीच्या स्टेजला त्या पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. नंतर मानेत गाठ दिसल्यावर काढलेल्यांत ६७.५ टक्के.

हे सगळं नीट करूनही काहींचा रोग परत येतो, त्यात घरच्यांची चूक नसते. परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून तेव्हाची तपासणी चुकवू नका. आणि जखम खरोखर भरली नसेल तर थांबावं लागतं, पण तो निर्णय सर्जनने जखम बघून घ्यायचा. तुम्ही उद्याच रेडिएशन विभागात जाऊन मास्कची तारीख घ्या.