फायटिंग गेममधल्या पात्रांना पूर्वकथा किती द्यावी? खेळणारा शेवटी बटणंच दाबतो ना?

तुम्ही लिहिलंय की मित्रांबरोबर एक छोटा फायटिंग गेम करताय. आठ पात्रं आहेत, प्रत्येकाची चार-चार पानं पूर्वकथा लिहून झालीय, त्यात एक कोल्हापूरचा पैलवानही आहे. आणि तुमचा मित्र म्हणतोय, हे वाचणार कोण?

मित्र निम्मा बरोबर आहे. ती बत्तीस पानं कोणी वाचणार नाही. पण गोष्ट लागतेच, फक्त तिची जागा कागदावर नाही. आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरलेल्या एका माणसानं मला हे दाखवलं, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

२००१ च्या आसपास बेळगावात, शहापूर भागातल्या एका बोळात आमचं गेमचं दुकान होतं. दोन टीव्ही, दोन प्लेस्टेशन, तासाला दहा रुपये. टेकन ३ ह्या फायटिंग गेमची कॉपी केलेली सीडी, तिला ना कव्हर ना माहितीपुस्तक. कोण कुठला, कशासाठी लढतो, काही कळायला मार्ग नाही. निम्मी पोरं मराठी शाळेतली, निम्मी कन्नड शाळेतली, आणि इंग्रजी सगळ्यांचंच बेताचं. खेळताना भाषेची पार भेळ व्हायची. कन्नड पोरं 'होडी, होडी!' ओरडायची, म्हणजे 'मार, मार'. पुण्याहून सुट्टीला आलेला माझा मावसभाऊ दोन दिवस टीव्हीत होडी शोधत होता.

पात्रांची नावं आम्हीच ठेवली. पॉलचे केस उभ्या केरसुणीसारखे, म्हणून तो केरसुणी. कूमा अस्वल म्हणजे 'करडी', हा शब्द कन्नडातनं आला आणि मराठी पोरांनाही तोच बसला. जॅग्वारचं तोंड असलेला किंग कन्नड पोरांचा 'हुली' आणि आमचा 'वाघ्या' (खंडोबाशी संबंध नाही). चौदा इंची टीव्ही, मुंग्या आलेलं चित्र, तरी दाराबाहेरून नुसती आकृती बघून कोण खेळतोय ते सांगता यायचं. डिझाइनची पहिली परीक्षा ही. तुमची आठही पात्रं पूर्ण काळी रंगवून शेजारी-शेजारी ठेवून बघा. दोन सारखी वाटली तर चार पानांनी फरक पडणार नाही.

तर, गोष्टी ठाऊक नसल्यामुळे आम्ही त्याही रचल्या. हेहाची म्हातारा आणि जिन हे आजा-नातू, जमिनीवरनं वाकडं आलंय, हे आमच्यात सर्वमान्य होतं. कुणी सांगितलं? कुणी नाही. दोघांचा हात एकच होता. तोच खालून वर येणारा, वीज चमकणारा ठोसा. असला हात घरातच मिळतो, एवढं आम्हाला कळत होतं.

बऱ्याच वर्षांनी खरी गोष्ट वाचली आणि हसू आलं. हेहाचीनं स्वतःच्या पाच वर्षांच्या पोराला, काझुयाला, कड्यावरून खाली टाकलं. पोरगं वाचलं, मोठं झालं, लढाईच्या पहिल्या स्पर्धेत जिंकून त्यानं बापाला त्याच कड्यावरून टाकलं. दुसऱ्या स्पर्धेत बापानं त्याला ज्वालामुखीत टाकलं. जिन हा त्या काझुयाचा मुलगा, म्हणजे खरोखर नातू. जमिनीच्या ऐवजी मिशिमा झैबात्सू नावाचा बलाढ्य उद्योगसमूह, एवढाच आमचा अंदाज चुकला. बांधाच्या भांडणात वाढलेल्या खानापूर-चिकोडीकडच्या पोराला ह्यात परकं काय वाटणार?

आता तो माणूस. माझे थोरले मामा, येळ्ळूरकडचे. तरुणपणी यात्रेतल्या मैदानांत लढलेले, नंतर तालमीत पोरं घडवायचे. एका संध्याकाळी मला शोधत दुकानात आले. मी वाघ्या घेऊन खेळत होतो. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण मामा दारातच उभे राहिले.

'हा वाघ कुठला रे?'

मी किंगचा तो प्रसिद्ध डाव टाकला, पाय धरून गरगरा फिरवून फेकण्याचा. मामांनी नाक मुरडलं. 'गोफण फिरवायलाय की काय? ह्यात डाव कुठाय?'

मग मी जोडपकड लावली. किंगच्या काही पकडी एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा साखळीनं जातात. प्रत्येक पायरीला ठरलेली बटणं, आणि समोरच्याला सुटायचं असेल तर त्यालाही त्या क्षणी नेमकं बटण दाबावं लागतं. थोडक्यात, डावाला तोड आहे. मामा पुढं सरकले. 'हां. हा मात्र शिकलेला गडी आहे. वस्ताद कोण ह्याचा?'

कुणालाच सांगता आलं नाही. मामा म्हणाले, 'वस्ताद ठाऊक नाही, तर कुस्ती कशी काय लावलीत तुम्ही?'

आमच्या भागात कुस्तीचं मैदान बघितलं नसेल तर सांगतो. हलगी कडकडत असते आणि माईकवरचा माणूस नुसतं 'अमुक विरुद्ध तमुक' म्हणत नाही. गाव कोणतं, तालीम कोणती, कुणाचा पठ्ठा, मागं कुणाला चितपट केलं, बापानं म्हैस विकून खुराक कसा पुरवला, सगळं दोन-तीन वाक्यांत येतं. बघणाऱ्याच्या मनात बाजू तयार होते, मग हाताला हात लागतो. चार पानं वाचायला तिथं कुणाला वेळ नसतो. उरलेलं पैलवानाचं अंग सांगतं.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढं इंटरनेट आल्यावर सापडलं, आणि माझ्या मते फायटिंग गेममध्ये ह्याहून चांगली पूर्वकथा नाही. टेकन ३ मधला किंग हा मुळात पहिला किंगच नाही! पहिला किंग मेक्सिकोतला अनाथ, रस्त्यावर मारामाऱ्या करणारा. जखमी होऊन एका मठाच्या दारात पडला, तिथल्या पाद्र्यांनी वाचवला. मग तो स्वतः पाद्री झाला, त्यानं अनाथाश्रम काढला आणि आश्रमाच्या पैशासाठी मुखवटा चढवून स्पर्धेत उतरला. पुढं ओग्र नावाच्या राक्षसी योद्ध्यानं त्याला मारलं. आश्रम बुडायला आला तेव्हा तिथंच वाढलेल्या एका पोरानं तोच मुखवटा घातला. पण पोरगं बघून-बघून शिकलेलं, वस्ताद नाही, त्यामुळे हरत राहिलं. शेवटी पहिल्या किंगचा जुना प्रतिस्पर्धी, आर्मर किंग, येऊन त्याला शिकवतो. मेलेल्याचा वैरी त्याच्या वारसाचा वस्ताद होतो. मामा तोवर गेले होते, नाहीतर फोन केला असता.

हे हवेतून आलेलं नाही. मेक्सिकोत फ्राय टॉर्मेंटा ह्या नावानं लढणारा एक खराखुरा पाद्री होता, मुखवटा घालून वीसहून जास्त वर्षं कुस्त्या केल्या आणि त्या पैशावर अनाथाश्रम चालवला. किंगची गोष्ट त्याच्यावरून घेतलेली आहे. आणि बघा, ह्यातलं बरंचसं तुम्हाला न वाचताही दिसतं. मुखवटा आहे म्हणजे तोंड महत्त्वाचं नाही, वारसा महत्त्वाचा. तो बोलत नाही, गुरगुरतो. पकडी शिकवलेल्या आहेत. वाचणाऱ्याला नंतर फक्त 'अस्सं होय!' म्हणायचं उरतं.

गोष्ट हातात असते ह्याचा सगळ्यात धाडसी पुरावा टेकन ४ मध्ये आहे. टेकन ३ च्या शेवटी आजा नातवाला गोळी घालतो. त्यानंतर जिनला घराण्याचीच किळस येते, तो मिशिमांची विद्या टाकून देतो आणि साधा पारंपरिक कराटे शिकतो. गेम बनवणाऱ्यांनी हे नुसतं लिहिलं नाही, त्याचे डावच बदलले. आमच्या दुकानात प्लेस्टेशन २ आल्यावर जिन घेणाऱ्या पोरांची फार चिडचिड झाली, इतक्या वर्षांचा बसलेला हात गेला. पण ती चिडचिड म्हणजेच गोष्ट. घर सोडलं की हात पण सोडावा लागतो, हे बोटांना कळलं.

एडी गॉर्डो त्याच जातीचा. काप्वेरा ह्या ब्राझीलच्या लढाईच्या कलेचा खेळाडू, सारखा हलत असतो, पवित्रा घेऊन उभाच राहत नाही. मामांनी त्याला एका फटक्यात 'तमाशातला नाच्या' म्हणून निकालात काढलं होतं. गुलामांनी मालकाच्या डोळ्यांदेखत नाच म्हणून जपलेली लढाईची विद्या, अशी काप्वेराची परंपरा सांगतात. मामा फसले, म्हणजे विद्या चालली म्हणायची!

उलट बाजूनंही, म्हणजे आधी चित्र आणि मग त्यातून, गोष्ट येते. मॉर्टल कॉम्बॅट हा फायटिंग गेम १९९२ चा. त्यातले स्कॉर्पियन आणि सब-झिरो म्हणजे एकाच नटाची चित्रं, फक्त कपड्यांचा रंग पिवळा आणि निळा, कारण मशीनच्या मेमरीत जागा कमी. मग दोघं इतके सारखे का, तर दोन घराण्यांचं वैर आहे म्हणून. काटकसरीतून निघालेलं हे वैर तीस वर्षं झाली तरी चाललंय. तुमच्याकडं चित्रकार एकच असेल तर हे लक्षात ठेवा.

आणि जिथं फसतं ते पण सांगतो, कारण ते आपल्याच माणसावर आहे. स्ट्रीट फायटर २ मधला धालसिम, १९९१. लांबणारे हातपाय, तोंडातून आग, गळ्यात कवट्या, मागं हत्ती. आम्ही त्याला अघोरी म्हणायचो. गोष्ट वाचली तर माणूस भला निघतो: लढायची इच्छा नाही, गावासाठी पैसे जमवतो, आणि त्या कवट्या साथीत मेलेल्या गावातल्या पोरांच्या. गोष्ट करुणेची आणि रूप भीतीचं. लेकरांची आठवण कवटीनं ठेवणारा बाप आमच्याकडं तरी कुणी बघितलेला नाही. चांदीचा वाळा, असं काहीही चाललं असतं. दुसऱ्याच्या गावाचं पात्र करताना त्या गावातल्या एका तरी माणसाला दाखवावं. (स्ट्रीट फायटर ईएक्समध्ये एक भारतीय पैलवान पण आहे, नाव दारुण मिस्टर. मराठी माणसाला ते नाव ऐकून पराभवच आठवणार.)

आता तुमचा पैलवान. तुम्ही त्याला तेलकट, चकाकतं अंग दिलंय. तेलातली कुस्ती तुर्कस्तानची, आणि सुपर स्ट्रीट फायटर ४ मध्ये हकान म्हणून तसा गडी येऊन गेलाय. तो स्वतःवर तेल ओततो आणि मग घसरत जाऊन पकडतो. आपल्याकडं बरोबर उलटं आहे. तालमीच्या तांबड्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मऊ करतात, आणि अंगाला माती लावायची ती पकड बसावी म्हणून. घामानं निसटणाऱ्या जोडीदाराच्या अंगावर पैलवान मूठभर माती टाकतो. हा तुमचा खास डाव करा. माती पडली की समोरच्याला काही सेकंद पकडीतून सुटता येऊ नये. कुणी काही न लिहिता गाव कळेल.

दुसरं, त्याची पाठ टेकवल्याशिवाय कुस्ती संपवू नका. निकाली कुस्तीत लाइफबार (उरलेली ताकद दाखवणारी पट्टी) नसतो, पाठ लागली की खेळ खलास, मग आधी कितीही वरचढ असो. पार्श्वभूमीला खासबाग घेतलंय ते छान. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं ते मैदान बशीसारखं आहे, हौदा खाली आणि माणसं चढत्या पायऱ्यांवर. तुम्ही प्रेक्षक सपाट मागं उभे केलेत. ते उतारावर घ्या म्हणजे डोक्यांची भिंत दिसेल.

आणि चार पानांतली तीन वाक्यं ठेवा, माईकवरच्या माणसाच्या तोंडी, सामना सुरू व्हायच्या आधी. त्यातलं एक वाक्य वस्तादाचं असू द्या.

एक राहिलं. तुम्ही जोडलेल्या चित्रात त्याचे कान सरळ, हिरोसारखे आहेत. वर्षानुवर्षं मातीत डोकं घासलेल्या पैलवानाचे कान मोडून गड्ड्यासारखे होतात. मामांचा डावा कान तसा होता, टोपी त्या बाजूला नीट बसायची नाही. ते कान आधी मोडा.