कॉन्ट्रॅक्टसाठी मालकाला पाच हजार युरो द्यायचे का?

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडचे एक दादा टुरिस्ट व्हिसावर बार्सिलोनाला आले, परत गेलेच नाहीत, सव्वादोन वर्षं एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये राबतायत. मालक म्हणतो तीन वर्षं झाली की कॉन्ट्रॅक्ट देतो, पाच हजार युरो लागतील. मध्येच बहिणीचं लग्न आलंय, जाऊन यावं का?

दादा, पैसे देऊ नका. एक युरोसुद्धा नाही. आणि तीन वर्षांचं म्हणाल तर तो जुना नियम झाला, 20 मे 2025 पासून नवीन रेग्लामेंतो (परदेशी लोकांबद्दलची नियमावली) लागू आहे, आराइगोसाठी (कागद नसताना स्पेनमध्ये राहिलेल्या माणसाला मिळणारा राहण्याचा परवाना) आता दोनच वर्षं सलग राहिल्याचं दाखवायचं. म्हणजे तुमची मुदत भरलीय, मालक तुम्हाला उगाच थांबवतोय. आराइगो सोसियोलाबोरालला, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या आराइगोला, कॉन्ट्रॅक्ट लागतं, पण ते आठवड्याला किमान 20 तासांचं, किमान वेतनाच्या हिशोबानं, आणि ते कुठलाही खरा मालक देऊ शकतो, याचंच घ्यायला हवं असं कुठंय? विकत घेतलेलं खोटं कॉन्ट्रॅक्ट पकडलं गेलं की फाइल तर जातेच, वर तुमच्यावरच केस.

आता अडचण पाद्रोनची, म्हणजे नगरपालिकेतल्या पत्त्याच्या नोंदीची. तुमची नोंद दहाच महिन्यांपूर्वीची, कारण मालकानं आधी पत्ता लावू दिला नाही. घाबरू नका, पाद्रोन हा एकच पुरावा नाहीये. पासपोर्टवरचा एन्ट्रीचा शिक्का, दवाखान्याचे कागद, घरी पैसे पाठवल्याच्या तुमच्या नावाच्या पावत्या, सगळं महिन्यावार लावा, मध्ये मोठी गॅप दिसता कामा नये. इंडियाचं पीसीसी (गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला) आणि त्याचं स्पॅनिश अधिकृत भाषांतर पण लागेल, ते लवकर सुरू करा, वेळ खातं.

लग्नाला जाऊ नका. मला माहितीय हे लिहिताना किती जड जातंय, पण नियमात 90 दिवस बाहेर राहिलेलं चालतं ते कागदावर, तुमच्याकडे परत आत यायला व्हिसाच नाही, एकदा विमानात बसलात की दोन वर्षं गेली.

मालक उद्या धमकी देईल, पोलिसांना सांगतो म्हणेल. त्याला कळतंय की बिनकागदी माणूस ठेवल्याचा दंड त्यालाच आहे, माणशी 10,001 ते 1,00,000 युरो. राहिलेला पगारही तुम्ही मागू शकता, कागद नसले तरी केलेल्या कामाचा पगार हा तुमचा हक्कच आहे, फक्त एक वर्षाच्या आत मागा. त्याची तक्रार इन्स्पेक्सिओन दे त्राबाखोकडे (कामगार तपासणी खातं), ते कामगार मंत्रालयाखाली येतं. आराइगोचे नियम बघतं ते इन्क्लुजन, सोशल सिक्युरिटी आणि मायग्रेशनचं वेगळं मंत्रालय, म्हणून एका ठिकाणचा अर्ज दुसरीकडे नेऊ नका. कागद गोळा झाले की मला दाखवा, मगच फाइल टाकू.