वाचकांचे प्रश्न : उत्तर ऑस्ट्रेलियात वैमानिकाची पहिली नोकरी

प्रश्न : माझ्याकडे ऑस्ट्रेलियाचं सी.पी.एल. (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) आहे आणि उड्डाणाचे एकूण 210 तास झालेत. पहिली नोकरी हवी असेल तर उत्तरेला जाऊन विमान कंपन्यांना प्रत्यक्ष भेटावं, असं सगळे सांगतात. कधी जावं, कुठे जावं? निघण्यापूर्वी मल्टी-इंजिन इन्स्ट्रुमेंट रेटिंग (एकाहून अधिक इंजिनांचं विमान केवळ उपकरणांच्या आधारे उडवण्याची पात्रता) करून घेऊ का? – एक वाचक, मेलबर्न

उत्तर : सगळे सांगतात ते खरं आहे, पण वेळ चुकली तर त्या सल्ल्याचा काही उपयोग नाही. उत्तरेत दोनच ऋतू धरायचे : साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, मे ते ऑक्टोबर कोरडा हंगाम. पर्यटक मेपासून येतात. तोपर्यंत नवा वैमानिक तयार असावा म्हणून ऑपरेटर (विमानं चालवणाऱ्या कंपन्या) मार्च-एप्रिलमध्येच माणसं निवडतात. तेव्हा मार्चच्या मध्यापर्यंत पोहोचा. जानेवारीत गेलात तर पुराने रस्ते बंद असतात आणि चीफ पायलट (कंपनीचा मुख्य वैमानिक) रजेवर. दुसरी संधी जुलै ते सप्टेंबरमध्ये येते. जुने वैमानिक मोठ्या विमानांवर किंवा एअरलाइनमध्ये जातात आणि हंगामाच्या मध्येच जागा रिकामी होते. अशा जागेची बहुधा जाहिरात येत नाही. त्या आठवड्यात गावात असेल त्याला ती मिळते.

जागा निवडताना तिथलं काम काय आहे ते आधी बघा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुराला पुर्नुलुलूच्या घुमटाकार डोंगरांवरून आणि लेक आर्गाइलवरून पर्यटकांना फिरवून आणायचं काम. विमानं मुख्यतः सेसना 206 आणि एअरव्हॅन. (एअरव्हॅन बनवणारी कंपनी काही वर्षं आपल्या महिंद्रा समूहाकडे होती.) ब्रूमहून केप लेव्हेक आणि हॉरिझाँटल फॉल्स. डार्विनहून आर्नहेम लँड आणि तिवी बेटांवरच्या आदिवासी वस्त्यांना माणसं, टपाल, सामान नेण्याचं काम असतं आणि ते पावसाळ्यातही चालू राहतं. आमच्या मते नवशिक्याला शिकायला मिळतं ते डार्विनच्या कामात जास्त, पण आधी दार उघडतं ते बहुधा कुनुनुराचं. टॉरेस सामुद्रधुनीतल्या हॉर्न आयलंडचा विचार दोनशे तासांवर करू नका. तिथल्या आखूड धावपट्ट्यांसाठी थोडा अनुभव लागतो.

डार्विन, कॅथरिन, कुनुनुरा, ब्रूम हा रस्ता सुमारे 1,900 किलोमीटरचा आहे. स्वतःची गाडी हवीच. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर क्वारंटाइन नाका आहे, तिथे फळं, भाज्या, मध काढून घेतात, त्यामुळे कॅथरिनला आठवड्याचा बाजार भरू नका.

भेट चीफ पायलटची घ्यायची. सकाळी सातला विमानं सुटण्याच्या गडबडीत जाऊ नका, दुपारी जा. एका पानाचा बायोडेटा पुरे : एकूण तास, कमांडचे (स्वतः मुख्य वैमानिक म्हणून उडवलेले) तास, विमानाच्या प्रकारानुसार तास, क्लास 1 मेडिकलची मुदत, विमानतळ सुरक्षा ओळखपत्र, फोन नंबर. लॉगबुक सोबत ठेवा. स्वच्छ शर्ट घाला, खांद्यावरच्या पट्ट्या घरी ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. ‘अजून इथेच आहे’ हे चीफ पायलटला दिसणं महत्त्वाचं, कारण फोनवर उत्साह दाखवून नंतर न येणारे त्याने पुष्कळ पाहिलेले असतात.

रेटिंगचं म्हणाल तर आत्ता नको. त्याची प्रोफिशियन्सी चेक (कौशल्याची फेरचाचणी) दर 12 महिन्यांनी लागते, आणि पहिली नोकरी सिंगल-इंजिनवर, दिवसा, व्ही.एफ.आर. (बाहेर डोळ्यांनी बघून उडण्याचे नियम) असते. वापर होण्याआधीच त्याची मुदत संपेल. त्याऐवजी मॅन्युअल प्रोपेलर पिच कंट्रोल (पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणं) आणि रिट्रॅक्टेबल अंडरकॅरेज (आत ओढली जाणारी चाकं) ही एन्डॉर्समेंट्स, म्हणजे लायसन्सवरच्या जादा परवानग्या, नसतील तर घ्या आणि सेसना 206 किंवा 210 वर पाच-दहा तास करा. उरलेल्या पैशात किमान तीन महिन्यांचं भाडं आणि पेट्रोल निघालं पाहिजे. गेल्या 90 दिवसांत तीन टेक-ऑफ आणि लँडिंग झालेली असावीत, एवढं उड्डाण खिशातून करत राहा. तसं नसेल तर प्रवासी नेता येत नाहीत.

बरेच ऑपरेटर आधी जमिनीवरचं काम देतात : इंधन भरणं, विमान धुणं, हॉटेलवरून पर्यटक आणणं. ते खुशाल करा, पण पगारावर. ‘काही महिने फुकट काम कर, मग उडायला देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. वैमानिकांसाठी किमान वेतन ठरवणारा एअर पायलट्स अवॉर्ड आहे आणि तक्रारीसाठी फेअर वर्क ओम्बड्समनचं कार्यालय आहे.

प्रश्न : माझं सी.पी.एल. भारतातलं, डी.जी.सी.ए. या आपल्या विमान वाहतूक नियामकाचं आहे. तिकडे जाऊन थेट नोकरी शोधता येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. आधी काम करण्याचा हक्क देणारा व्हिसा, मग बाकीचं. पर्यटक व्हिसावर जाऊन नोकरी मिळाली तरी ती करता येणार नाही. विद्यार्थी व्हिसावर शिक्षण चालू असताना पंधरवड्याला 48 तासांची मर्यादा आहे; हंगामी वैमानिकाचं वेळापत्रक त्यात बसवणं कठीण. लायसन्ससाठी तिथल्या कासा या नियामकाकडे रूपांतराचा अर्ज करावा लागतो : हवाई कायदा आणि ह्यूमन फॅक्टर्सच्या परीक्षा, कासाचं क्लास 1 मेडिकल, सुरक्षा तपासणी आणि फ्लाइट टेस्ट. पुस्तकी भाग जमून जातो. टेस्टपूर्वी मात्र तिथल्या शाळेत काही तास उडा, कारण नियंत्रण नसलेल्या हवाई क्षेत्रात स्वतःच रेडिओवर घोषणा करत, इतर विमानांशी बोलून अंतर राखायची सवय आपल्याकडच्या प्रशिक्षणात फारशी लागत नाही.

प्रश्न : नोकरी लागली! मेपासून सेसना 206 वर आहे. पहिल्या हंगामात नवे वैमानिक नेमके कुठे चुकतात? – एक वाचक, कुनुनुरा

उत्तर : अभिनंदन. पहिली अडचण बहुधा जमिनीवरच येईल : गरम इंजिन सुरू होत नाही. वीस-तीस मिनिटं थांबलेल्या फ्युएल-इंजेक्शन इंजिनात वरच्या नळ्यांमधलं इंधन उकळून वाफ होते आणि पंपाला इंधन पुढे ढकलता येत नाही. तुमच्या विमानाच्या हँडबुकातली हॉट स्टार्टची (गरम इंजिन सुरू करण्याची) कृती पाठ करा. कॉन्टिनेंटल इंजिनांवर ती साधारण अशी असते : मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा लिव्हर) पूर्ण बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बूस्ट पंप काही सेकंद ‘हाय’वर ठेवून गार इंधन फिरवायचं, मग नेहमीसारखं सुरू करायचं. मिक्स्चर उघडं ठेवून पंप चालवलात तर इंजिनात जादा इंधन तुंबेल, आगही लागू शकेल. आणि नुसता स्टार्टर फिरवत राहिलात तर दूरच्या धावपट्टीवर बॅटरी संपवून बसाल.

दुसरी गोष्ट दाराची, आणि ही सर्वांत गंभीर. 206 ला मागे उजवीकडे दोन फळ्यांचं मालवाहू दार असतं. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली असताना दाराची पुढची फळी फ्लॅपला अडते. फळी थोडी जरी उघडली तरी फ्लॅपची वीज तुटते, म्हणजे मग फ्लॅप वरही घेता येत नाही. मागच्या प्रवाशाने पुढची फळी उघडेल तेवढी उघडायची, फटीतून हात घालून मागच्या फळीचा लिव्हर शोधायचा आणि ती फळी ढकलायची. हे तोंडी सांगून डोक्यात राहत नाही. प्रत्येक गटाला दाराशी उभं करून हाताने करून दाखवा. आपत्कालीन लँडिंगनंतर शक्य असेल तर फ्लॅप लगेच वर घ्या.

सहा खुर्च्या म्हणजे सहा माणसं नव्हेत. प्रवाशांचं आणि कॅमेऱ्याच्या बॅगांचंही खरोखर वजन करून घ्या, अंदाज नको. तासाला सुमारे 60 लिटर इंधन लागतं आणि ॲव्हगॅस (या विमानांचं पेट्रोल) लिटरला 0.72 किलो, म्हणजे एक तासाचं जास्तीचं इंधन 43 किलो. तरी दूरच्या वस्तीत ॲव्हगॅस मिळेल असं गृहीत धरू नका. परतीचं इंधन आणि वर 30 मिनिटांचा अंतिम राखीव साठा घेऊनच निघा. माणसं जास्त झाली तर इंधन नव्हे, माणूस उतरवा. समुद्रसपाटीजवळ 38 अंश असेल तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) 2,700 फुटांच्या पुढे जाते. सकाळी सहज सुटलेलं विमान दुपारी त्याच पट्टीवर रेंगाळतं.

मुरमाच्या पट्टीवर एका जागी थांबून रन-अप (उड्डाणापूर्वी इंजिन वेगात चालवून तपासणं) करू नका, प्रोपेलरचं पातं खडे ओढून घेतं. विमान हलतं ठेवा, थ्रॉटल हळूहळू द्या. उतरण्याआधी पट्टीवरून एक फेरी मारून वॉलबी (लहान कांगारू) किंवा गुरं आहेत का बघा.

घड्याळ फसवतं. नॉर्दर्न टेरिटरी आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात दीड तासाचा फरक आहे. जूनमध्ये कुनुनुरात सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. शेवटच्या प्रकाशाच्या किमान 10 मिनिटं आधी उतरायचा नियम आहे. सगळी आखणी यू.टी.सी.मध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) करा आणि शेवटची फेरी उशिरा निघाली तर रद्द करा. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे.

ऑक्टोबरपासून दुपारी गडगडाटी ढग उभे राहू लागतात. त्यातून सुटलेला वारा ढगाच्या बराच पुढे धावतो. वादळ पट्टीच्या टोकाशी असताना ‘आधी उतरून घेऊ’ हा विचार सोडा. दुसरीकडे जाण्याइतकं इंधन असेल तरच तो सोडता येतो.

प्रश्न : आर्नहेम लँडच्या वस्त्यांमध्ये कधी कधी मुक्काम पडेल असं कळलं. कशाची काळजी घ्यावी? – एक वाचक, डार्विन

उत्तर : आदिवासी जमिनीवर जायला परवाना लागतो. आर्नहेम लँडसाठी तो नॉर्दर्न लँड कौन्सिलकडून मिळतो. कंपनीने काढला आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारा. पावसाळ्यात चिखलात अनवाणी फिरू नका, मातीतल्या जिवाणूंमुळे मेलिऑइडोसिस होतो आणि पायावरची लहानशी जखमही त्याला पुरते. नदी-खाडीत मगरी असतात, पोहायचा प्रश्नच नाही. बऱ्याच वस्त्यांमध्ये दारूवर बंदी आहे. प्रवाशाच्या बॅगेत बाटली असल्याची शंका आली तर बॅग विमानात चढवण्यापूर्वी, डार्विनलाच विचारा.