पाळक नसलेल्या घरच्या उपासनेला जावं का? दापोलीच्या एका मुलीचं उत्तर

प्रश्नकर्ते लिहितात की बँकेतून दापोलीला बदली झाली आहे, पुण्यातल्या मोठ्या चर्चमध्ये वाढलो, क्वायरची सवय आहे. इथे रविवारी कुणाच्या तरी घरी पंधरावीस माणसं जमतात, पाळक (पाद्री) नाही, एक बाईच उपासना चालवतात. "ही खरी मंडळी म्हणायची का? की महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन आलेलं बरं?" शिवाय पुढच्या वर्षी मुलीचं दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे मोठेपणी स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) आहे, आणि ते त्यांच्याकडे बिशपसाहेब करतात.

जा. या रविवारीच जा. उत्तर एवढंच आहे. पण तुमचं ते "खरी" मला झोंबलंय, म्हणून पुढचं लिहिते.

मी त्याच दापोलीत वाढले. १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं आणि घाटावरून बरीच माणसं नोकरीसाठी खाली उतरली, त्यांत नगरकडचे माझे वडीलही होते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आजूबाजूला मंदिरं होती, मशिदी होत्या, आणि चर्च म्हणाल तर कॅम्पातलं इंग्रजांच्या वेळचं पडकं. ते तुम्ही एव्हाना पाहिलं असेल, पर्यटक तिथे फोटो काढतात. बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून येऊन बसले होते. भारतरत्न पां. वा. काणे आणि साने गुरुजी दापोलीच्या मिशनच्या शाळेतच शिकले. एवढं सगळं होऊन मागे राहिल्या त्या भिंती. गाणारं कुणी उरलं नव्हतं.

आमच्या भाड्याच्या कौलारू घरात रविवारी चारला उपासना असायची. साडेतीनला वडील पलंग उभा करून भिंतीला लावायचे, मी चटया टाकायची, आई पेटीची धूळ पुसायची. येणारे कोण? सरकारी दवाखान्यातली एक नर्स, टायरचं दुकान असलेलं एक मल्याळी कुटुंब, बदलीवर आलेले कुणी ना कुणी तारखात्यातले किंवा बँकेतले, आणि हर्णैची एक खारवी म्हातारी. म्हातारीचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तिला तो घ्यायचाही नव्हता. ती गाण्याला यायची. मुलगा ट्रॉलरवर असायचा, त्याच्यासाठी प्रार्थना करून घ्यायची आणि पिशवीतून आणलेले बांगडे आईच्या हातात देऊन पाचची एसटी पकडायची. एखाद्या रविवारी आम्ही गावाला गेलेलो असलो की पुढच्या वेळी दारातूनच विचारणार, "पेटी वाजली नाय ती? बरी हायेस ना गो?"

दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कौलांवर असा आवाज की उपदेश कुणाला ऐकूच जात नसे. मग आई उपदेश गुंडाळून ठेवायची. एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, बाकी सगळं गाणं. मल्याळी काकांना मराठी धड येत नव्हतं, पण टाळ मात्र पक्का. पावसाळ्यातल्या त्या उपासना मला अजून सगळ्यांत जास्त आठवतात. तुमच्या क्वायरचा अपमान करायचा नाही, पण क्वायरमध्ये तुम्ही ऐकता, इथे तुम्हाला गावं लागतं. न गाणारा माणूस पंधराजणांत लगेच उघडा पडतो.

आता प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. भाकर म्हणून तांदळाची भाकरी. ती आदल्या दिवशी नर्सताई करायच्या. प्याल्यासाठी काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून घेतलेला रस. आणि माझ्या साखरपुड्याच्या वेळी नेमक्या मनुका मिळाल्या नाहीत. जूनचा शेवट, वाण्याकडचा माल संपलेला. साखरपुडा शनिवारी झाला, गाडी बंद पडली म्हणून सासरचे चारजण मुक्कामाला राहिले आणि रविवारी उपासनेला बसले. आईने कोकमाचं सरबत केलं, बिनमिठाचं, बिनजिऱ्याचं, आणि प्रार्थना करून पेला पुढे केला.

माझे मामेसासरे मोठ्या शहरातल्या एका जुन्या चर्चच्या कमिटीवर. त्यांनी पेला घेतला, वास घेतला, आणि न पिता शेजारच्याकडे सरकवला. रात्री जेवताना म्हणाले, "दीक्षित पाळक नाही, द्राक्षरस नाही, वर बाई भाकर मोडणार! विहीणबाई, ही हौस आहे, मंडळी नव्हे." तेव्हापासून त्या घरात आमचं नाव कोकमवाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, नाताळाला कुणी सरबत केलं की अजून हसतात.

पण खरा त्रास पुढे झाला. लग्न सासरच्या चर्चमध्ये ठरलं. तिथल्या कमिटीने वधू कोणत्या मंडळीची सभासद आहे त्याचा दाखला मागितला. रास्त होतं ते. आईने फुलस्केप कागदावर, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं: ही मुलगी लहानपणापासून आमच्यात उपासनेला आहे, शब्बाथशाळा (मुलांची रविवारची बायबलशाळा) घेते, पेटी वाजवते, हिच्या विवाहाला आमची हरकत नाही. खाली सगळ्यांच्या सह्या. हर्णैच्या म्हातारीने अंगठा दिला, तोही तिने हट्टाने दिला. कागद परत आला. लेटरहेड नाही, शिक्का नाही, नोंदणी क्रमांक नाही. वर कारभाऱ्यांनी विचारणा केली होती की अंगठा देणारीचा बाप्तिस्मा झालेला आहे काय.

आई त्या दिवशी शाळेतून आली, कागद वाचला, घडी करून बायबलात ठेवला आणि मच्छी साफ करायला बसली. एक शब्द बोलली नाही. वडील रात्रीच्या गाडीने नगरला गेले. तिथे आजोळच्या मंडळीत माझा लहानपणी बाप्तिस्मा झाला होता, त्याचा उतारा घेऊन आले. उताऱ्यावर शिक्का होता, काम झालं. लग्न वेळेत लागलं. पण चर्चच्या नोंदवहीत "वधूची मंडळी" असा रकाना होता आणि त्यात लिहिणाऱ्याने आडवी रेघ मारली. सही करताना मी ती पाहिली. माझी वीस-बावीस वर्षं म्हणजे एक रेघ. मामांना हे मी अनेकदा सांगितलंय, त्यांचं उत्तर ठरलेलं: "नियम म्हणजे नियम."

म्हणून मामा, हे वाचत असाल तर (वाचताच, मला माहीत आहे), तुमचा द्राक्षरस तरी कुठला? न आंबलेला रस बाटलीत टिकवायची युक्ती १८६९ साली अमेरिकेत वेल्च नावाच्या दंतवैद्याने काढली. मेथडिस्ट पंथाचा माणूस, दारूच्या विरोधात. त्याआधी अठराशे वर्षं पेल्यात साधा वाईनच असायचा. तुमच्याकडे एकोणिसाव्या शतकातली सोय चालते, आमच्याकडे जूनमधली सोय चालत नाही, असं का? आणि घरातल्या उपासनेचं म्हणाल तर बायबलातल्या पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय काढा. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीला त्याने सलाम सांगितलाय, आणि त्या जोडप्यात बाईचं नाव आधी आहे. सीरियात दुरा-युरोपोसला उत्खननात तिसऱ्या शतकातलं चर्च सापडलं. ते एक राहतं घर होतं, दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठं केलेलं. आमच्या घरमालकाने भिंत काढू दिली नसती, म्हणून आम्ही पलंग उभा करायचो. बाकी फरक काय?

रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांची भजनं तुमच्या पुण्यातही गातात. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेलेही घेतले, न झालेलेही. दोन वर्षांत ते गेले आणि ते काम फार पुढे गेलं नाही, हे मान्य. पण हर्णैच्या म्हातारीला टिळकांच्या दरबारात जागा मिळाली असती आणि आमच्या नात्यातल्या चर्चला तिचा अंगठा चालला नाही, एवढं माझ्या डोक्यातून जात नाही.

असो. तुमच्या कामाचं सांगते.

पुण्याला महिन्यातून एकदा जाण्याचा बेत पावसाळ्यात टिकणार नाही. ताम्हिणीत दरड आली की अडकलात. आणि महिन्यातून एकदा जाणारा माणूस दोन्हीकडे पाहुणाच राहतो. इथेच जा, आणि गेलात तर मागे बसू नका. तुम्हाला चाल धरता येते ना? पेटीवाल्याला त्याचीच गरज असते.

शेजाऱ्यांना आधीच कळवून ठेवा की रविवारी गाणी होतात. आम्ही दारं-खिडक्या उघड्या ठेवायचो, नाताळाला करंज्यांची ताटं आळीभर जायची, गणपतीत त्यांचे मोदक यायचे. कधी कुणी काही बोललं नाही. हल्लीचे दिवस वेगळे आहेत, लोक लगेच विचारतात की इथे कुणाला बाटवतायत का. दार उघडं असलं की अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. लाउडस्पीकर मात्र अजिबात नको, पंधरा माणसांना तो लागतोच कशाला?

कायद्याचं एक लक्षात असू द्या. घरात प्रार्थना करायला कुणाचं लायसन्स लागत नाही, पण लग्न लावायला लागतं. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दीक्षित पाळक, परवानाधारक सेवक किंवा विवाह निबंधक असाच माणूस हवा, आणि एरवी वेळही सकाळी सहा ते संध्याकाळी सात. उपासना चालवणाऱ्या बाई कितीही चांगल्या असल्या तरी त्यांनी लावलेलं लग्न कागदावर उभं राहायचं नाही. मयताचंही तसंच, दफनाची जागा कुठे आणि कुणाच्या ताब्यात हे माणूस गेल्यावर शोधत बसू नका. २०२५ च्या जानेवारीत छत्तीसगडातल्या एका पाळकाच्या दफनाचा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला होता आणि तोवर प्रेत शवागारात पडून होतं. आपल्याकडे गोष्टी त्या थराला जात नाहीत, तरी विचारून ठेवलेलं बरं.

आता तुम्हाला वाटेल ही बाई घरच्या उपासनेची जाहिरातच करतेय. तसं नाही. पाळक नसला की वर कुणी विचारणारा नसतो, आणि ते कधी कधी फार महागात पडतं. चालवणारा माणूस स्वतःच्या खात्यावर दशांश (कमाईचा दहावा हिस्सा) मागत असेल, गोळ्या बंद करा नुसता विश्वास ठेवा म्हणत असेल, किंवा दुसऱ्या चर्चमध्ये जाणाऱ्यांना नरकात धाडत असेल, तर त्याच दिवशी चपला घाला. आमच्याकडे नर्सताई होत्या, प्रार्थना झाली की त्याच बीपी बघायच्या. अर्पणाचा डबा दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडायचा, वहीत लिहायचं, पैसे कुणाच्या तरी औषधाला किंवा फीला जायचे. तुमच्या इथे वही आहे का ते पहिल्याच महिन्यात विचारा. विचारल्याचा राग आला तर तेही कळेल.

आणखी एक सांगायला हवं. लहान जागेत भांडण मोठं होतं. तीनशे माणसांत तुम्ही एखाद्याला टाळू शकता, पंधरांत नाही. आमच्याकडे टायरवाले काका आणि पोस्टातले एकजण चालीवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि प्रार्थनेत मात्र दोघेही एकमेकांचं नाव घेऊन देवाकडे तक्रार करायचे. आईला हसू आवरायचं नाही.

मुलीच्या दृढीकरणाचं: ते तुमच्याकडे बिशपसाहेब करत असतील तर दापोलीच्या घरात होणार नाही, उगाच त्या बाईंना अडचणीत टाकू नका. वर्ग इथे घेता येतील का ते पुण्याच्या पाळकांना विचारा, कित्येकजण फोनवरही घेतात. पुण्याच्या चर्चमधलं नाव कमी करू नका, वर्गणी भरत राहा, आणि पावत्या फाईलला लावा. मुलीच्या लग्नात कुणीतरी त्या मागणारच आहे.