उन्हाळ्याचा खंड

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी निफाड तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. बारावी सायन्सला ७१ टक्के मिळाले. शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची. बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातल्या कविता मला इतक्या आवडल्या की फिजिक्सचा अभ्यास करता करता मध्येच त्या काढून वाचायचे. मला नाशिकला बी.ए.ला प्रवेश घेऊन स्पेशल इंग्लिश करायचं आहे. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे, शिवाय दोन एकर खंडाने केली आहे. वडील म्हणतात, बी.एस्सी. अ‍ॅग्री कर नाहीतर नर्सिंगला जा, बी.ए. करून काय होतं? मामा म्हणतात, इंग्रजीच शिकायचं तर सहा महिन्यांचा स्पीकिंगचा क्लास लाव, तीन वर्षं कशाला घालवतेस? मला वाचलेलं कळतं, पण बोलायला उभी राहिले की घसा कोरडा पडतो. इंग्लिश मीडियमच्या मुलींमध्ये माझा निभाव लागेल का? आणि नोकरीचं काय? खरं खरं सांगा.

उत्तर : बाळ, आधी तुझ्या मामांचं बोलणं घेते, कारण ते अर्धं खरं आहे. फक्त बोलायला शिकायचं असेल तर बी.ए.ची काही गरज नाही. स्पेशल इंग्लिशच्या वर्गात बोलायला कुणी शिकवत नाही, तिथे वाचायला शिकवतात. ‘वाचता तर मला येतंच’ असं तू म्हणशील. एफ.वाय.ला आले तेव्हा मीही तेच म्हणत होते.

मी मनमाडची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. १९७७ साली मी नाशिकला कॉलेजात आले. पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस पकडायची, नाशिकरोडला उतरून शहर बसने कॉलेज गाठायचं. शाळा सगळी मराठीतली. पहिल्याच महिन्यात वर्गात धडा वाचायला उभं केलं आणि मी ‘कर्नल’ हा शब्द स्पेलिंगप्रमाणे ‘कोलोनेल’ असा वाचला. वर्ग हसला. शिकवणारेही हसले. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही. तुझा घसा कोरडा पडतो म्हणजे नेमकं काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे सांगते आहे.

दिवाळीनंतर दुसरे एक सर कविता शिकवायला आले. त्यांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली. ‘शॅल आय कम्पेअर दी टु अ समर्स डे?’ शेक्सपिअरची सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, १६०९ साली छापली गेली, त्यातलं हे अठरावं. तुला उन्हाळ्यातल्या दिवसाची उपमा देऊ का, असं कवी विचारतो. मनमाडच्या मुलीच्या कानाला हा प्रश्न कसा लागला असेल बघ. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे नळाची वाट पाहणं, हंड्यांची रांग, रात्री अंगणात पाणी शिंपडून अंथरूण टाकणं. मी कितीतरी दिवसांनी हात वर केला आणि मराठीतच विचारलं, ‘सर, आवडत्या माणसाला उन्हाळा कोण म्हणेल?’

सर हसले नाहीत. म्हणाले, ‘आज वर्गातला पहिला खरा प्रश्न आला.’ मग त्यांनी सांगितलं की इंग्लंड किती उत्तरेला आहे, हिवाळ्यात तिथे दुपारी चारलाच अंधारून कसं येतं आणि त्या लांबलचक गारठ्यानंतर येणारा तो थोडासा उजेडाचा काळ माणसांना किती हवाहवासा असतो. ‘उन्हाळा हा शब्द बाजूला ठेव, तिथे तुझ्या गावचा श्रावण ठेव आणि परत वाच.’ मी वाचलं. ओळ उघडली.

ती कविता पुढे मी तीस वर्षं शिकवली आणि दर वर्षी तिच्या चौथ्या ओळीपाशी थांबले. ‘अँड समर्स लीज हॅथ ऑल टू शॉर्ट अ डेट.’ वारा, कळ्या, ऊन असं सगळं कोवळं चाललेलं असताना मध्येच ‘लीज’ हा कचेरीतला शब्द येतो. लीज म्हणजे भाडेपट्टा, तुमच्याकडचा खंड. ‘डेट’ म्हणजे इथे मुदत. उन्हाळा या सुंदर दिवसांचा मालक नाही, त्याने ते खंडाने घेतलेत आणि मुदत फार थोडी आहे. थोडं पुढे, दहाव्या ओळीत ‘पझेशन’ येतो, म्हणजे ताबा. तुझ्या रूपाचा ताबा तुझ्याकडून कधी जाणार नाही, असं कवी म्हणतो. चौथ्या ओळीतला खंड आणि दहाव्या ओळीतला ताबा जोडून पाहिले की कविता कशी बांधली आहे ते दिसतं. उन्हाळ्याकडे सगळं मुदतीपुरतं आहे, आणि कवी आपल्या माणसाला मुदत नसलेली जागा देऊ पाहतो. ती जागा म्हणजे ही कविताच. शेवटच्या दोन ओळींत तो तसं सरळ म्हणतो : माणसं श्वास घेताहेत, डोळ्यांना दिसतं आहे, तोवर ही कविता जगेल आणि तुला जगवेल.

आता मला सांग, ‘लीज’ शब्दाचं वजन कुणाला जास्त कळेल? ज्या घरात दर वर्षी खंडाचे पैसे भरायची तारीख जवळ आली की बोलणं कमी होतं, त्या घरातल्या मुलीला की शब्दाचा नुसता अर्थ पाठ असलेल्या मुलीला? इंग्लिश मीडियमच्या मुली पहिल्या वर्षी तुझ्यापुढे असतील, उच्चारांत आणि वेगात. हे मी लपवत नाही. पण हा विषय वेगाचा नाही. माझ्या अनुभवात एस.वाय.च्या मध्यावर तो फरक पुसला जातो, मात्र मराठी माध्यमातली मुलगी रोज वाचत असेल तरच.

मराठीतून आल्याचा आणखी एक फायदा आहे. शाळेत तू लघु-गुरू मोजले आहेस, गण पाडले आहेत. आता ती पहिली ओळ बाकावर बोटाने ठेका धरून म्हण. दहा अक्षरं, एक हलकं, एक जड, असे पाच ठेके. आपण वृत्तात मात्रा मोजतो, इंग्रजीत आघात मोजतात. एवढा फरक कळला की छंदाचा जो भाग बाकीच्यांना घोकावा लागतो तो तुझ्या कानात आधीच बसलेला असेल.

तू विचारलं नाहीस, पण हा विषय आपल्याकडे आला कसा हेही तुला माहीत असावं. पुढे कुणीतरी तुला म्हणेलच की इंग्रजांचं साहित्य शिकून काय करायचं. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी शाखा १८९४ साली उघडली, केंब्रिजमध्ये १९१७ साली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, आणि इथली मुलं त्याआधीपासून कॉलेजात शेक्सपिअर वाचत होती. ते प्रेमापोटी झालं नाही. मेकॉले या इंग्रज अधिकाऱ्याचं इथल्या शिक्षणावरचं १८३५ सालचं टिपण वाचलंस तर तुला राग येईल, आणि यावा. दिसायला भारतीय पण आवडीनिवडीने, विचाराने इंग्रज असा एक वर्ग तयार करायचा, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

पण आपल्या माणसांनी त्या शिक्षणाचं काय केलं ते बघ. आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरावर काम केलं. पुढच्या वर्षी ते ‘विकारविलसित’ म्हणून छापलं गेलं. आणि नाशिकमध्ये तर तुला लांब जायलाच नको. कुसुमाग्रज इथल्याच एचपीटी कॉलेजात शिकले. १९५४ साली त्यांनी ‘मॅकबेथ’ मराठीत आणलं, ‘राजमुकुट’ म्हणून. ज्या भाषेतून आपल्याला कारकून करायचं ठरलं होतं, त्याच भाषेतून ही माणसं मराठीसाठी ऐवज घेऊन आली. तुझ्या प्रवेशाकडे मी त्या रांगेतून बघते.

अभ्यासक्रमाचं थोडक्यात सांगते. तुझं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं असेल. नाटक, कविता, कादंबरी आणि समीक्षा असे चार मोठे खांब, शिवाय भाषाविज्ञानाची ओळख. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. सायन्सची बारावी बी.ए.ला अजिबात आड येत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी हट्टाने बोलणार आहे. बाजारात गाईड मिळतात, अपेक्षित प्रश्नसंच मिळतात, आणि ते वाचून तीन वर्षं फर्स्ट क्लासमध्ये पास होता येतं. मूळ कादंबरी हातातही न घेता कादंबरीच्या पेपरला साठ-सत्तर मार्क मिळवलेली मुलं मी दर वर्षी पाहिली. त्यांच्याकडे पदवी आहे आणि त्या पदवीत काहीही नाही. तुझे वडील जे विचारताहेत, ‘बी.ए. करून काय होतं’, ते या मुलांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे. तुला गाईडवरच जायचं असेल तर वडिलांचं ऐक आणि नर्सिंगला जा. तिथे निदान हाताला काम येईल.

मूळ पुस्तक वाचायचं कसं, तर मी असं केलं. रोज दहा पानं, कळो न कळो. पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. रात्री त्यातले पाचच शब्द शोधायचे, जे परत परत आले तेवढेच. आणि एक पान मोठ्याने वाचायचं, भिंतीकडे तोंड करून का होईना. माझं बोलणं त्या मोठ्याने वाचण्यातून सुटलं. एस.वाय.च्या शेवटी त्याच वर्गात मी ती कविता उभी राहून म्हटली. पुस्तकांसाठी कॉलेजच्या लायब्ररीखेरीज सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी पहिल्याच महिन्यात भर. १८४० सालापासून ते नाशिककरांना वाचायला देत आलं आहे. एस.टी.ने येऊन-जाऊन करणार असशील तर तो बसमधला वेळ तुझा आहे. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून मी अख्ख्या कादंबऱ्या संपवल्या.

आता नोकरी. खरं सांग म्हणालीस, तर खरं हे आहे की प्राध्यापकीचा रस्ता आज फार अरुंद झाला आहे. एम.ए.ला किमान ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५०, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि हे सगळं करूनही कायम जागा मिळेलच असं नाही. माझा एक विद्यार्थी सेट झाल्यावर नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. अत्यंत चांगला शिक्षक. सुट्टीच्या महिन्यांत त्याला पगार नसतो. त्याच्याबद्दल लिहिताना मला आजही वाईट वाटतं, आणि फक्त प्राध्यापक व्हायचं म्हणून हा विषय घे, असं मी कुणालाही सांगत नाही.

शाळेत शिकवायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. आणि पात्रता परीक्षा. इंग्रजी नीट शिकवणाऱ्याला शाळा शोधत येतात, कारण तसे शिक्षक खरंच कमी आहेत. स्पर्धा परीक्षेत निबंध आणि उताऱ्यावरचे प्रश्न तुला सोपे जातील. बाकी माझे विद्यार्थी कुठे कुठे आहेत ते सांगते. एक मुलगी सातपूरच्या कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. एक जण मराठी मालिकांची इंग्रजी उपशीर्षकं करतो. एक वकिलांसाठी कागदपत्रांचे अनुवाद करते आणि घरबसल्या बरं कमावते. आणि एक तुमच्याच भागातला, द्राक्षवाल्याचा मुलगा, पिंपळगावच्या एका निर्यातदाराकडे युरोपातल्या खरेदीदारांशी पत्रव्यवहार सांभाळतो. माल नाकारल्याचं पत्र आलं की त्यात कोणता शब्द नेमका वापरला आहे आणि कोणता मुद्दाम टाळला आहे, हे त्याला दिसतं. ते मी त्याला कादंबरीच्या पेपरला शिकवलं होतं. यातलं एकही काम पदवीच्या कागदावर आपोआप मिळालं नाही. पदवीबरोबर प्रत्येकाने आणखी एक हुन्नर जोडला : अनुवाद, टायपिंग, कायद्याची ओळख, निर्यातीची कागदपत्रं. तूही दुसऱ्या वर्षापासून एक जोड.

राहता राहिले वडील. त्यांच्याशी भांडू नकोस. बागेवर कर्ज असताना माणसाने मुलीच्या पोटापाण्याचा विचार आधी करावा, यात चूक काही नाही. मी बी.ए.ला जाते म्हटलं तेव्हा माझ्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं, ‘पुस्तकं किती लागतील?’ दर महिन्याच्या पगारातून एक पुस्तक, असं त्यांनी ठरवलं आणि पाळलं. पण कविता काय असते ते त्यांना मी कधी वाचून दाखवलं नाही. त्यांना कळणार नाही, असं मी गृहीत धरलं. ते गेले २००३ साली.

तू तसं करू नकोस. खरड छाटणीची घाई आता उरकली असेल. प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी ती चौदा ओळींची कविता वडिलांना वाचून दाखव, आधी इंग्रजीत, मग तुझ्या शब्दांत मराठीत. चौथ्या ओळीला थांब आणि त्यांना विचार, उन्हाळ्याने दिवस खंडाने घेतलेत म्हणजे काय असेल? ते काय म्हणाले ते मला लिहून कळव.