जिन आणि माणसाच्या प्रेमावरची, सौदी अरेबियात वादात सापडलेली अरबी कादंबरी कोणती? ती इंग्रजीत मिळते का?

तुम्ही शोधताय ती बहुतेक इब्राहिम अब्बास यांची 'हौजन', आणि हो, तिचा इंग्रजी अनुवाद झालेला आहे. कथा जेद्दा शहरातली. हौजन हा तरुण जिन राहतो त्या घरात माणसांचं एक कुटुंब राहायला येतं आणि तो त्यांच्या मुलीच्या, सौसनच्या प्रेमात पडतो. ती वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी. खरी गंमत अशी की गोष्ट हौजनच सांगतो. आपल्याला वाटतं घर भुताने झपाटलंय. इथे त्याच्या बाजूने बघितलं तर न विचारता घरात घुसलेली आपण माणसंच! जिनांना कुटुंब असतं, धर्म असतो, त्यांच्यात भलेबुरे असतात ही इस्लामी परंपरेतली कल्पना लेखकाने छान वापरली आहे.

तुमच्याकडचे तपशील जुळतात: 2013 मध्ये जादूटोण्याला उत्तेजन देते अशा आक्षेपावरून सौदीतल्या दुकानांमधून ती काही काळ काढली होती. पुढे तिच्यावर चित्रपट निघाला आणि 2023 साली जेद्दाच्याच रेड सी चित्रपट महोत्सवाची सुरुवात त्याने झाली.

फक्त नोबेलविजेते इजिप्शियन कादंबरीकार नगीब महफूझ यांच्यासारखं भारदस्त साहित्य मनात धरून घेऊ नका. ही तरुणांसाठीची वेगवान, हलकीफुलकी फँटसी आहे. कादंबरीच हवी असा हट्ट नसेल तर 'अरेबियन नाइट्स'मधली बसऱ्याच्या हसनची गोष्ट वाचा. पिसांचा पोशाख उतरवून आंघोळ करणारी जिनकन्या त्यात आहे, आणि मला तरी तीच जास्त आवडते.