मेळघाटात १२ दिवस, वीज नाही, रेंज नाही : ड्रोनची तयारी नागपुरातच कशी करावी

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सामूहिक वनहक्काच्या (गावाचा जंगलावरचा हक्क) नकाशांसाठी डिसेंबरमध्ये मेळघाटातल्या आतल्या तीन गावांत १२ दिवस राहायचं आहे, सोबत डीजेआय मिनी २ आणि तीन बॅटऱ्या आहेत, एक जीप आहे, आणि ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन (सोबत नेता येणारी मोठ्या बॅटरीची पेटी) घ्यावं की १००० चं, असं तुम्ही विचारलंय. ५०० चं पुरेल. सातपुड्यात आम्ही अशा पाहण्यांना बऱ्याच वर्षांपासून जातो. तिथं काम अडतं ते वीज संपल्यामुळं क्वचितच. इंटरनेट नसल्यामुळं अडतं त्याहून कितीतरी जास्त वेळा. म्हणून आधी विजेचा हिशोब मांडतो आणि मग नेटकडं येतो.

मिनी २ ची बॅटरी १७.३ वॉट-तासांची. दिवसाला चार उड्डाणं धरली तर जवळपास ७० वॉट-तास, चार्जिंगमधली गळती धरून ८५ ते ९०. रिमोट आणि फोन मिळून आणखी ३५. म्हणजे दिवसाचा खर्च साधारण १२५. लॅपटॉप नेलात तर रोज संध्याकाळी तोच ५०-६० खाईल, ड्रोनच्या निम्म्याहून जास्त. तो परतवाड्याला कुणाकडं तरी ठेवा आणि फोटोंची प्रत फोनवरूनच ओटीजी केबलनं एसएसडीवर (छोट्या बाहेरच्या डिस्कवर) घ्या. ५०० च्या पेटीतून हाती ४२५-४५० येतात, म्हणजे साडेतीन दिवस. उरलेलं जीप देईल. तिचं लायटर सॉकेट १२ व्होल्टचं आणि बहुतेक १० अँपिअरच्या फ्यूजचं असतं, म्हणजे १२० वॉट ही वरची हद्द. पेटी ८०-१०० नं भरते असं धरा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात रोज तास-सव्वा तास गाडी चाललीच तर दिवसाचा बहुतेक खर्च भरून निघतो, राहिलेला फरक पेटीतला साठा सहज सोसतो. इंजिन बंद असताना मात्र सॉकेटवर काही लावून ठेवू नका. जंगलात धक्का मारायला माणसं मिळतीलच असं नाही.

मिनी २ यूएसबी-सीवर चार्ज होतो हे तुमचं मोठं सुख आहे. पेटीच्या यूएसबी-सीमधून थेट हबला (तिन्ही बॅटऱ्या बसतात त्या चार्जरला) द्या. २३० व्होल्टचा इन्व्हर्टर मध्ये आला की वीज दोनदा बदलते आणि फुकट जाते. एका बॅटरीला साधारण दीड तास लागतो आणि हब एकामागून एक भरतो, म्हणजे तिन्हींना साडेचार तास. म्हणून रात्रीवर सोडू नका, दुपारी उतरल्या उतरल्या लावा. त्याला आणखी एक कारण आहे. डिसेंबरच्या रात्री तिकडच्या खोऱ्यांत चांगलीच थंडी पडते आणि ही बॅटरी ५ अंशांखाली चार्ज होत नाही. रात्री बॅटऱ्या गोधडीत गुंडाळून आत ठेवा, सकाळी खिशात घालून निघा.

सोलर पॅनल घेऊच नका असं म्हणत नाही, पण भरवसा त्यावर नको. १०० वॉटची घडीची पॅनल मोकळ्या जागी, दक्षिणेकडं तोंड करून आणि नीट उभी कलवून ठेवली तर दिवसाला ३०० च्या आसपास मिळतात. सागाच्या आणि बांबूच्या सावलीत, दरीत, त्याच्या निम्मेही नाहीत. शिवाय तिच्यापाशी दिवसभर कुणीतरी हवं. जीप बिघडली तरची सोय म्हणून न्या.

आणि एक कळकळीनं सांगतो. गावात उपकेंद्र किंवा अंगणवाडी सौर पॅनलवर चालत असेल तर तिथं चार्जर लावू नका, कुणी आग्रहानं ‘लावा ना’ म्हटलं तरी. त्याच बॅटरीवर लसींचा फ्रिज किंवा रात्रीच्या बाळंतपणाचा दिवा असू शकतो.

आता नेटकडं. डीजेआयच्या ॲपमध्ये लॉगिन नसेल तर ड्रोन ३० मीटर उंची आणि ५० मीटर अंतर यापलीकडं जात नाही. नागपुरात हे कधी जाणवत नाही, कारण फोन कायम नेटवर असतो. माझ्या ओळखीच्या एका गटाच्या फोननं वाटेत ॲप अपडेट केलं, लॉगिन गेलं, आणि गावात पोचल्यावर पासवर्ड टाकायलाही रेंज नव्हती. एक माणूस दिवस मोडून धारणीला परत गेला. म्हणून निघायच्या दोन आठवडे आधी ड्रोन, रिमोट यांचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. प्रत्येक बॅटरी ड्रोनमध्ये घालून बघा, कारण बॅटरीचंही स्वतःचं फर्मवेअर असतं आणि तिसरी बॅटरी विसरली की नेमकी तीच तिकडं कुरकुर करते. मग फोनचे आपोआप होणारे अपडेट बंद करा. निघायच्या आदल्या रात्री काही नवं चढवायचं नाही, कितीही सूचना येवोत. नकाशासाठी उड्डाणाच्या रेषा आखणारं दुसरं ॲप वापरणार असाल तर त्याचा परवाना आणि लॉगिन नेटशिवाय टिकतं का तेही आत्ताच बघा. तिन्ही गावांचे नकाशे फोनवर उतरवून घ्या. आणि हे सगळं दुसऱ्या एका फोनवरही करा. दुसरा फोन ही चैन नाही. पहिला दगडावर पडला तर तोच तुमचा ड्रोन.

मग रंगीत तालीम. एक शनिवार-रविवार काढा. फोन विमान मोडवर, वायफाय बंद, भिंतीवरच्या प्लगला हात लावायचा नाही, फक्त ती पेटी आणि जीप. उड्डाणासाठी शहराबाहेर काटोल किंवा उमरेडच्या बाजूला जा, पण आधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे मोकळ्या, पट्ट्यात आहे ना ते बघा. सोनेगाव विमानतळामुळं शहरात उडवणं सरळ नाही: हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत लाल पट्टा, ५ ते ८ मध्ये परवानगी लागणारा पिवळा, आणि ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंतच मोकळीक. या दोन दिवसांत जे जे अडेल ते लिहून ठेवा. कुठली केबल कमी पडली, कुठलं ॲप रुसलं, पेटी किती टक्क्यांवर आली, सगळं. बर्डीच्या बाजारात खरेदीला त्यानंतर जा, त्याआधी नाही. केबल मात्र जास्तीच्या घ्या, विशेषतः रिमोटपासून फोनला जाणारी ती आखूड केबल. बोटभर लांबीची असते आणि हरवायला जन्मलेली असते.

सुट्या भागांत पंख्यांचे दोन जादा संच आणि त्यांचे नवे स्क्रू घ्या. काढलेले स्क्रू परत वापरू नका, कंपनीही तेच सांगते. सोबत मिळालेला छोटा पेचकस डब्याला दोरीनं बांधून ठेवा. लेन्ससाठी रबरी फुगा आणि मऊ कापड. उतरवायला जाड ताडपत्रीचा चौकोन, चारही कोपऱ्यांवर दगड. वाळलेलं गवत आणि मातीची धूळ मोटारीत गेली तर ती साफ करणं जंगलात जमत नाही. मेमरी कार्ड एक मोठं घेण्यापेक्षा ६४ जीबीची तीन-चार घ्या. नकाशाचे फोटो फार जागा खात नाहीत, तीनशे फोटो दीड जीबीत बसतात. जागा खातो व्हिडिओ: १०० मेगाबिटवर मिनिटाला ७५० एमबी. परत येईपर्यंत कुठलंही कार्ड पुसायचं नाही, आणि कार्ड व एसएसडी एकाच बॅगेत ठेवायची नाहीत.

उड्डाणं किती करायची यावर मात्र माझं तुमच्यापेक्षा वेगळं मत आहे. अख्खं वनक्षेत्र वरून टिपायचं असं तुमच्या योजनेत दिसतंय. नीट एकमेकांवर येणारे फोटो घ्यायचे तर १०० मीटरवरून एका उड्डाणात २०-२५ हेक्टर होतात. ४०० हेक्टरचं एक गाव म्हणजे १६ ते २० उड्डाणं. आणि एवढं करूनही दाट जंगलात सीमेचा दगड वरून दिसतच नाही, दिसतात ती झाडांची डोकी. सीमा गावकऱ्यांबरोबर पायी चालून जीपीएसवर घ्या. नाला कुठं वळतो, जुनी शिव कुठल्या मोहाखालून जाते, हे गावातली म्हातारी माणसं सांगतील आणि दाव्यात त्याचं वजनही जास्त. ड्रोन ठेवा तलाव, बंधारे, पडीक शेतं, चराईची मोकळी रानं यांसाठी. दिवसाला चार उड्डाणं मग भरपूर होतील.

वेळ ११ ते दीड. डिसेंबरात तिकडं सूर्य सव्वाबाराच्या सुमारास सगळ्यात वर येतो, तरी जेमतेम ४५ अंश. म्हणजे भरदुपारीही झाडाची सावली झाडाएवढीच लांब. सकाळी-संध्याकाळी घेतलेल्या फोटोंत अर्धी जमीन काळी येते. खोऱ्यात सकाळी धुकं आणि दवही असतं, थंड लेन्सवर ओल धरते. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत. घरी परतण्याची उंची (ड्रोन आपोआप परत येताना ठेवतो ती) लावताना लक्षात ठेवा, ॲपमधली उंची तुम्ही उभ्या असलेल्या जागेपासून मोजलेली असते. उतारावरून उडवलंत आणि समोर कडा चढत गेला तर १०० मीटर हे झाडाच्या शेंड्यापासून वीसच उरतात. शक्य तिथं वरच्या टेकाडावरून उडवा, सिग्नलही डोंगराआड जात नाही.

उडवण्याआधी आजूबाजूचे कडे आणि मोठी झाडं दुर्बिणीनं तपासा. आग्या मोहोळ असेल तर ती जागाच सोडा. ड्रोन जवळ गेला आणि मोहोळ उठलं तर खाली माणसं आणि गुरं आहेत. घारी आणि कोतवाल पक्षीही अंगावर येतात. त्यांच्याशी खेळत बसू नका, उतरवा. पहिल्या दिवशी काहीच उडवू नका असं मी सुचवेन. संध्याकाळी गावात बसा, जंगलाचा नकाशा कशासाठी ते सांगा, तिथली कोरकू भाषा बोलणारं कुणी सोबत असू द्या, पडद्यावर काय दिसतं ते लोकांच्या हाती देऊन दाखवा. नदीचा घाट कुठल्या वेळी बायका वापरतात ते विचारून घ्या आणि त्या वेळी तिकडं ड्रोन फिरकू देऊ नका.

परवानगीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुमचा ड्रोन २४९ ग्रॅमचा, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नॅनो वर्गातला. त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी क्रमांक लागतो. पंख्यांचे गार्ड लावलेत तर वजन २५० च्या वर जाऊन वर्गच बदलतो. पण हे झालं आकाशाचं. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय कितीही हलका ड्रोन उडवता येत नाही, आणि वनहक्काचं काम आहे म्हणून ती आपोआप मिळत नाही. गावं प्रकल्पाच्या हद्दीत असतील तर अर्ज अमरावतीला क्षेत्र संचालकांच्या कार्यालयात, बाहेर असतील तर प्रादेशिक वनविभागाच्या उपवनसंरक्षकांकडं. अर्जाला ग्रामसभांचे ठराव, ड्रोनची नोंदणी, तारखा आणि उड्डाणाच्या जागांचा नकाशा जोडा. एक प्रत ठाणेदारांना द्या आणि छापील प्रती जीपमध्ये ठेवा, कारण नाक्यावर फोनमधली पीडीएफ उघडेलच असं नाही.

पत्र यायला वेळ लागतो, तेव्हा पॉवर स्टेशन पुढच्या आठवड्यात घेतलं तरी चालेल, अर्ज मात्र याच आठवड्यात टाका. गावं हद्दीच्या आत आहेत की बाहेर ते इथं कळवा, म्हणजे अर्जात काय काय लिहायचं ते मी सांगतो.